ताम्हिणीच्या रानांत : मुक्काम करावा कीं सांजेस परतावें ?

२०२४ सालच्या वैशाखांत आमच्या घरीं एक वाद सुरू झाला, तो निकालांत निघण्यास बरोबर नऊ दिवस लागले. आमचें कुटुंब एकत्र. आम्ही, आमचे धाकटे बंधू, दोघांच्या सौभाग्यवती, मुलें, सुना आणि नातवंडें मिळून पानें मांडावयाचीं तर तेरा. अशा घरांत सहल ठरणें म्हणजे लग्न ठरण्यासारखेंच असतें. स्थळ सर्वांस पसंत पडावें लागतें. स्थळ तर एकमतानें पसंत पडलें होतें. मुळशीपलीकडील ताम्हिणीचें रान. वाद होता तो रात्रीबद्दल.

पुतण्यानें मोबाइलवर एक जाहिरात आणून दाखविली. तलावाच्या कांठीं तंबू, शेकोटी, गाणीं, चुलीवरचें जेवण आणि सकाळीं पोहे, असा सर्व बेत माणशीं ठराविक रकमेंत मिळत होता. बंधूंचें म्हणणें असें कीं, वृद्ध माणसें आणि लहान मुलें बरोबर घेऊन उघड्यावर रात्र काढणें हा शुद्ध अविचार. पहाटें निघावें, रान पाहावें आणि दिवेलागणीस घरीं यावें. आमच्या बारा वर्षांच्या नातीचा हट्ट निराळाच होता. तिला काजवे पाहावयाचे होते, आणि काजवे कांहीं दुपारीं दिसत नाहींत.

आम्हीं प्रथम बंधूंची बाजू घेतली. संस्कृत शिकविण्यांत उभा जन्म गेला असल्यामुळें साक्षीस थेट दिलीप राजास बोलाविलें. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत तो नंदिनीच्या मागें एकवीस दिवस रानांत हिंडला, परंतु रोज सायंकाळीं आश्रमांत परत आला. चक्रवर्ती राजाहि दिवसापुरतीच सहल करी, असें आम्ही म्हणतांच पुतण्या म्हणाला, “काका, पण सिंह त्याला दिवसाच भेटला ना ?” आमच्याच हाताखालीं शिकलेला मुलगा, उत्तर सुचेना.

ज्या वाचकांनीं हा प्रदेश पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगांव, पिरंगुट आणि तालुक्याचें ठाणें जें पौड तें मागें टाकिलें कीं, डोंगर दोहों बाजूंनीं जवळ येऊं लागतात. पुढें मुळशीचें धरण. मुळा नदी येथें अडविलेली आहे आणि तिचें पाणी नेहमींप्रमाणें पूर्वेकडे न जाऊं देतां पश्चिमेकडे सह्याद्रीच्या पोटांतून खालीं भिऱ्यास सोडून त्यावर वीज केली जाते. या तलावाखालीं गांवें, शेतें आणि देवळें गेलीं. त्याविरुद्ध १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यांत. लढा तीनएक वर्षें चालला, आणि शेवटीं पाणी चढलें तें चढलेंच. आज त्याच पाण्याच्या कांठीं तंबूंच्या रांगा लागतात. मुळशी म्हणजे केवळ गार वारा नव्हे, हें मुलांस ठाऊक असावें म्हणून आम्हीं ही कथा जेवतांना सांगितली. दोघांनीं ऐकली.

तलावाची कड धरून रस्ता ताम्हिणी गांवावरून घाटमाथ्यास लागतो आणि तेथून कोंकणांत विळ्याकडे उतरतो. घाटाच्या दोहों बाजूंस पसरलेल्या रानास २०१३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर करण्यांत आलें. क्षेत्र सुमारें ५० चौरस किलोमीटर. वर्षाकाठीं येथें पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणून रान कांहीं ठिकाणीं इतकें दाट कीं, एका भागास लोक अंधारबन असेंच म्हणतात. शेकरू, भेकर, सांबर, पिसोरी, साळिंदर, उदमांजर आणि बिबट्या हे येथील रहिवासी.

‘अभयारण्य’ या शब्दाविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. परीक्षेंत मुलें ‘भय नसलेलें अरण्य’ असा विग्रह लिहीत, आणि आम्ही गुण देत असूं. परंतु हें अभय कोणास, आणि कोणापासून, असें आम्हीं एकाहि मुलास विचारलें नाहीं. संस्कृतांत ज्याच्यापासून भय असतें त्याची पंचमी होते. या शब्दांत ती पंचमी लुप्त आहे खरी, पण तिच्यांत उभे आहों ते आपणच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा रानांत शिरण्यास परवानगी लागते आणि रानास धोका होईल असा विस्तव पेटविण्यास बंदी आहे, ती याच पंचमीमुळें. तेव्हां वनखात्याची परवानगी नसतां आंत तंबू ठोकण्याचा प्रश्नच उरत नाहीं. आमच्या पुतण्यासहि तें मान्य होतें. तो म्हणे, आपण हद्दीबाहेर तलावाकांठीं राहूं.

आतां दिवसाच्या सहलीचेंहि खरें स्वरूप सांगितलें पाहिजे, नाहीं तर बंधूंवर पक्षपात केल्यासारखें होईल. त्याआधींच्या हिवाळ्यांत आम्ही तशी एक सहल केली होती. पहाटें पांचला निघण्याचें ठरलें. पूजा, चहा, डबे, आमच्या रक्तदाबाच्या गोळ्या, एका नातवाचा हरवलेला बूट, असें होत होत मोटारी हलल्या त्या पावणेआठला. अंतर सुमारें साठ किलोमीटर, परंतु पिरंगुटपर्यंतच्या गर्दींत तास गेला. रानाजवळ पोंचलों तों उन्हें वर आलेलीं. त्या वेळीं रान झोंपतें. पक्षी गप्प, जनावरें सावलींत. जागी काय ती माकडें, आणि तींहि रस्त्याच्या कठड्यावर बसून प्रवाशांच्या हातांतील चिवड्यावर टपलेलीं. आम्हीं दशम्या खाल्ल्या, छायाचित्रें काढलीं आणि चारला परत फिरलों. त्या सहलींत आम्हीं जें पाहिलें, त्यास रान म्हणणें म्हणजे शाळेस सुटी असतां इमारत पाहून शाळा पाहिली म्हणण्यापैकींच होय. सबब मुक्काम हवा म्हणणाऱ्यांची बाजू अगदींच पोरकट नव्हती.

तरीहि आम्ही तंबूस नाहीं म्हणत होतों. का, तें सांगत नव्हतों. आठव्या दिवशीं रात्रीं नातीनें सरळ विचारलें, “आजोबा, तुम्ही कधी तंबूत राहिला होतात का ?” तेव्हां जी गोष्ट आम्हीं पस्तीस वर्षें घरांत कोणास सांगितली नव्हती, ती सांगावी लागली.

१९८९ सालच्या फेब्रुवारींत आम्ही नववीच्या बावीस मुलांना घेऊन याच बाजूस एका माळावर शिबिरास गेलों होतों. वय एकतीस, अंगांत उत्साह, आणि शिक्षकानें मुलांना निसर्गाच्या मांडीवर नेलें पाहिजे अशीं वाक्यें आम्ही तेव्हां व्याख्यानांतून बोलत असूं. रात्रीं शेकोटी केली, श्लोकांच्या भेंड्या झाल्या. पाणी दूर ओढ्यांत होतें. थंडींत उतरून घागर आणण्याचा कंटाळा केला आणि निखाऱ्यांवर माती लोटून निजलों. उत्तररात्रीं वारा सुटला. जाग आली ती माणसांच्या ओरडण्यानें. माळाच्या वरचा सगळा उतार पेटला होता. वाळलें गवत पेटतांना जो आवाज होतो तो ज्यानें ऐकला नाहीं त्यास सांगून कळणार नाहीं. जणूं कोणी मोठें कापड एकसारखें फाडीत आहे. वरच्या वाडींतील बायकापुरुष हिरव्या फांद्या तोडून आग झोडपीत होते. आम्ही व आमचीं मुलें त्यांस सामील झालों, पण कोणत्या बाजूनें झोडपावयाचें हेंहि आम्हांस ठाऊक नव्हतें. एका बाईनें हाताला धरून बाजूला ओढलें नसतें तर आम्ही वाऱ्याच्या तोंडींच उभे होतों.

उजाडतां वणवा विझला. ज्याचा तो उतार होता तो म्हातारा काळवंडलेल्या पायांनीं आमच्याजवळ आला. आम्ही शिव्यांची वाट पाहत होतों. तो म्हणाला, “गुरुजी, पोरं समदी उठली न्हवं ? मोजून घ्या.” आम्हीं मोजलीं. बावीस भरलीं. मग तो त्या काळ्या उताराकडे पाहत म्हणाला, “गवात पावसानं परत यील. बैलांना मिरगापातुर काय घालावं, त्येवढं बघाय पायजे.”

मृगास अजून जवळजवळ चार महिने होते. आम्हीं पुढें तीन महिने पगारांतून पन्नास पन्नास रुपयांची मनिऑर्डर केली. पोंचपावतीवर अंगठा उमटून येई. त्या पैशांत पेंढा मिळाला कीं नाहीं, आम्हीं जाऊन विचारलें नाहीं. शाळेच्या वार्षिक अहवालांत शिबिराचा वृत्तांत लिहिण्याचें काम आमच्याकडेच होतें. ‘निर्विघ्न पार पडलें’ असे शब्द आम्हीं लिहिले. अर्थ ठाऊक असून लिहिले.

घरांत कोणी कांहीं बोलेना. बंधूहि, ज्यांची बाजू या कथेनें बळकट झाली होती, तेहि गप्प राहिले. नात म्हणाली, “मग बैलांना काय घातलं त्यांनी ?”

आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं तोड निघाली ती आमच्या सौभाग्यवतींच्या तोंडून. “अहो, तंबूच कशाला हवा ? तिथं रोज रात्री माणसं राहतातच की. त्यांच्याकडे राहावं.” ही युक्ति नऊ दिवस कोणा पुरुषास सुचली नाहीं याचें नवल वाटतें. आमचे पूर्वज काशीस गेले तरी वाटेंत कोणाच्या ओसरीवर पथारी टाकीत. तंबू ठोकण्याचा मान फौजेचा. चौकशी करितां कळलें कीं, अभयारण्याच्या हद्दीबाहेरील गांवांत कांहीं शेतकरी आपल्या घरीं प्रवाशांची उतरण्याची व जेवणाची सोय करितात. पुतण्यानें एक घर ठरविलें. तेरांपैकीं नऊजण निघालों. बंधूंच्या सौभाग्यवतींचे गुडघे, एका सुनेची नोकरी आणि दोन परीक्षा यांमुळें चौघें मागें राहिलीं. बंधू मात्र आले.

मेचा शेवटचा आठवडा, वद्य पक्ष. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवावयाचा. वळवाची एक सर आदल्याच दिवशीं पडून गेली होती. घर कौलारू, पुढें सारवलेलें अंगण, मागें न्हाणी आणि शौचालय. हा शेवटचा तपशील लिहिण्यास कोणास अप्रशस्त वाटेल, पण बायकामाणसें घेऊन जाणाऱ्यानें प्रथम तोच विचारावा असें आमचें स्पष्ट मत आहे. तंबूंच्या जाहिरातींत त्याविषयीं चकार शब्द नव्हता. जेवावयास तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें, करवंदांचें लोणचें. यजमानांनीं जेवणाआधींच दोन गोष्टी बजाविल्या. जेवणानंतर कुंपणाबाहेर कोणी जावयाचें नाहीं, कारण उकाड्यानें फुरसें आणि घोणस रात्रीं बाहेर पडतात. आणि विजेरी लावावयाची तर केवळ पायांखालीं, वर झाडांकडे मुळींच नाहीं.

दुसऱ्या अटीचें कारण नातीनें विचारलें. काजव्यांत नर उडत उडत चमकतात आणि माद्या बहुधा गवतांत वा पाल्यांत बसून त्यांस उत्तर देतात. ही सगळी भाषा उजेडाची. आपण मोटारींचे दिवे, विजेऱ्या, मोबाइल घेऊन मधें शिरलों कीं, त्यांचें बोलणें बुडतें. आणि पुढें जाऊन पाहावें तर गवतांतल्या माद्या पायांखालीं जातात. त्यांचें प्रौढ आयुष्य तें किती, तर थोड्या आठवड्यांचें. त्यांत आपली एक रात्र म्हणजे कांहीं थोडी नव्हे.

घरांतील दिवे मालविले. अंगणांत चटया टाकून आम्ही नऊजण गप्प बसलों, ही गोष्ट आमच्या कुटुंबाच्या इतिहासांत अभूतपूर्व होय. पहिला पाव तास कांहींच दिसलें नाहीं. डोळ्यांस अंधार सरावावा लागतो, आणि शहरांतल्या डोळ्यांस तो सरावण्यास उशीर लागतो. मग कुंपणापलीकडच्या बेहड्यावर एक ठिणगी, मग तीन, मग खालच्या ओढ्याच्या रेषेनें एक एक. झाडेंच्या झाडें लखलखतात असें ऐकून आलों होतों. तसें त्या रात्रीं झालें नाहीं. नातीनें मोजण्याचा प्रयत्न केला आणि साठांनंतर सोडून दिला. आम्हांस मात्र एका गोष्टीनें चमत्कारिक वाटलें. त्या ठिणग्या पाहतांना आमचें लक्ष त्यांखालील गवताकडेच जात होतें, आणि यांनीं कांहीं पेटत नाहीं, हें आम्ही मनांत पुन्हां पुन्हां म्हणत होतों.

दहाच्या सुमारास दूर तलावाच्या अंगास गाणें सुरू झालें. वाद्यांचा ठोका डोंगरावर आपटून परत येत होता. तंबूंकडचा असावा. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. ठोका थांबला तेव्हां साडेअकरा झाले होते. त्यानंतर रातव्याचा एकसुरी आवाज आला, कोठें तरी भेकर दोनदां भुंकलें आणि बाकी रात्र बंधूंच्या घोरण्यानें व्यापिली.

पहाटें पांचला, अजून काळोख असतां, ओढ्याकडून शीळ आली. मनुष्यच वाटावा, कोणी आळशी मुलगा वाटेनें जातांना सूर न जुळवितां मनाला येईल तशी शीळ घालीत आहे असें. तो शीळकरी कस्तूर. इंग्रज लोकांनीं त्यास ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ असें नांव ठेविलें होतें. वर्गांत शीळ घातल्याबद्दल आम्हीं कैक मुलांना उभें केलें आहे. त्या पहाटें आम्ही स्वतः पायरीवर उभे राहून ऐकत होतों.

वनखात्याच्या नाक्यावर पैसे भरून पावती घेतली आणि गांवचाच एक वाटाड्या घेऊन सहाच्या आधीं आंत शिरलों. जो लाभ दिवसाच्या सहलींत आम्हांस मिळाला नव्हता तो हाच. पहिले तीन तास. पुण्याहून निघून ते गांठणें आमच्यासारख्या गोतावळ्यास अशक्य, आणि त्यांसाठीं रानांत झोंपण्याचीहि गरज नाहीं. दारापाशीं झोंपलें म्हणजे पुरतें.

अर्ध्या तासानें वाटाड्यानें हात वर केला. उंच जांभळीच्या शेंड्याजवळ काटक्यापानांचा एक गोळा होता, शेजारच्या झाडावर दुसरा. दोन्ही एकाच शेकरूचीं घरटीं, तो म्हणाला. एक प्राणी अशीं अनेक बांधतो. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं झालें तें मुख्यतः याच्यासाठीं. पुस्तकांत आम्हीं त्याचें चित्र शेकडों वेळां दाखविलें असेल. प्रत्यक्षांत प्रथम दिसलें तें शेंपूट. फांदीवरून सरळ खालीं लोंबणारें, झुबकेदार. मग तांबूस तपकिरी पाठ आणि फिकट पिंवळसर पोट. दोन्ही हातांत जांभूळ धरून, आमच्याकडे एक डोळा ठेवून, तो खात होता. हा प्राणी पक्का दिवसाचा. उजाडलें कीं उठतो, दुपारीं विसावतो आणि अंधार पडण्याआधीं घरट्यांत शिरतो. जे रात्रभर शेकोटीभोंवतीं जागून सकाळीं दहापर्यंत निजतात त्यांस तो दिसावा कसा ? आणि ज्यांच्यासाठीं रात्रीं जागावें, तो बिबट्या, ती पिसोरी, तें उदमांजर, तीं तर आपली चाहूल लागतांच दूर जातात. शेकोटीपाशीं बसणाऱ्यास शेकोटीच दिसते, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

नऊपर्यंत परत फिरलों. वाटेंत एक धनेश पंखांचा मोठा आवाज करीत डोक्यावरून गेला, तेव्हां बंधूंनीं, ज्यांचा मुक्कामास एवढा विरोध होता त्यांनीं, “दादा, पुढच्या वर्षी दोन रात्री यायचं,” असें म्हटलें. आम्हीं हें मुद्दाम छापण्यास दिलें आहे, म्हणजे त्यांस नाकारतां येऊं नये.

जाऊं इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठीं दोन शब्द. फेब्रुवारीपासून गवत वाळतें. त्या दिवसांत विडीकाडी आणि चूल यांविषयीं यजमानांपेक्षांहि आपण कडक असावें. आषाढ-श्रावणांत धबधब्यांसाठीं झुंबड उडते. आम्ही परत आल्यावर महिन्याच्या आंतच, ३० जून २०२४ रोजीं, लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील ओढ्यांत एका कुटुंबांतील पांचजण वाहून गेले. त्यांत लेंकरें होतीं. वर डोंगरांत पाऊस झाला कीं खालीं ऊन असतांहि पाणी चढतें. पावसाळ्यांत मुळशी-ताम्हिणीकडील अशा जागांवर सरकारी मनाईचे हुकूम निघतात, ते आपल्या कुटुंबास लागू नाहींत अशा समजुतींत कोणीं राहूं नये. त्या दिवसांत अतिवृद्ध माणसांनीं आणि तान्ह्या मुलांनीं मोटारींतून घाट पाहून परतावें, यांत कमीपणा कांहीं नाहीं.

परततांना आम्हीं धरणाच्या अलीकडे मोटार थांबविण्यास सांगितलें. तो माळ शोधावा असें मनांत होतें. पस्तीस वर्षांत रस्ता रुंदावला आहे, वाडीच्या जागीं पक्कीं घरें झालीं आहेत आणि उतारांवर ठिकठिकाणीं तारेचीं कुंपणें व भूखंडांच्या पाट्या आहेत. एका पानाच्या टपरीवर त्या म्हाताऱ्याविषयीं विचारलें. नांव आम्हांस मनिऑर्डरीमुळें पाठ होतें. टपरीवाल्यानें थोडा विचार केला, आंतल्या बाईस विचारलें आणि मान हलविली.

“कुठला उतार, आजोबा ?” नातीनें विचारलें. आम्हीं हातानें एक दाखविला. तोच होता अशी आमची खात्री नाहीं. त्यावर पिंवळें गवत गुडघ्याएवढें उभें होतें आणि कुंपणाच्या आंत तीन म्हशी चरत होत्या. बैल दिसले नाहींत. ती बराच वेळ पाहत राहिली. मग पुतण्यानें कर्णा वाजविला आणि आम्ही मोटारींत जाऊन बसलों.